रद्दीचा गठ्ठा आणि उलटा डोंगर

आमच्याकडे रद्दी द्यायचा सगळ्यांनाच कंटाळा. सहा-सहा महिने वर्तमानपत्रांचा गठ्ठा जिन्याखाली वाढत राहतो. दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची आली होती, ती एका दुपारी त्या गठ्ठ्याशी फतकल मारून बसली. गणपतीच्या दिवसांतल्या एका पुरवणीत कागदी मखर कसं करायचं ते आलं होतं, आणि तिला तेच हवं होतं.

शोधायची पद्धत सोपी. सगळ्यात वर दिवाळी, तिच्याखाली दसरा, त्याखाली गणपती, मग जुलै आणि तळाशी जून. रोज नवा पेपर वर पडतो, म्हणजे जितकं खाली तितकं जुनं. पण दसरा उचलल्यावर खाली गणपती यायच्या ऐवजी आला जून! शाळा सुरू झाल्याच्या बातम्या, पावसाची वाट बघणारे शेतकरी. त्या जूनच्या गठ्ठीखाली गणपती, त्याखाली जुलै आणि तळाशी उरलेला जून.

"मावशी, कुणीतरी गडबड केलीय," ती म्हणाली. "खालचा जून उपसून वर ठेवलाय. आणि ही गडबड गणपतीनंतर झाली, पण दसऱ्याच्या आधी."

"दसऱ्याच्या आधी कशावरून?"

"अगं, दसऱ्याचे पेपर त्याच्यावर नीट बसलेत की! नंतर कुणी घुसडला असता तर वरचे विस्कटले असते. विस्कटलेत फक्त मधले." खरंच, जूनची गठ्ठी आणि गणपतीची गठ्ठी जिथे भेटत होती तिथली पानं चुरगळून एकमेकांत गेली होती.

आजोबा खुर्चीतून म्हणाले, "पितृपक्षात मी लाइट बिलाची पावती शोधत होतो. जूनमधल्या कुठल्यातरी पेपरात ठेवलेली." म्हणजे तारीखसुद्धा जवळपास बरोबर!

मी तिला म्हटलं, तू आत्ता दोन मिनिटांत जे केलंस ना, तेच करायला स्कॉटलंडमधल्या एका डोंगराळ भागात मोठमोठ्या विद्वानांना जवळजवळ तीस वर्षं लागली. अर्थात त्यांचा गठ्ठा जरा जड होता.

आधी नियम बघू, मग तो कसा मोडला ते. खालचा थर जुना, वरचा नवा हे नीट मांडून सांगितलं निकोलस स्टेनो या डॅनिश माणसाने, 1669 साली, इटलीत राहत असताना. आपल्या सह्याद्रीला हा नियम अगदी मानवतो. खंडाळ्याच्या घाटात किंवा एखाद्या गडाखाली उभं राहून कड्याकडे बघा. आडव्या पायऱ्या दिसतात. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला आणि एकावर एक थिजत गेला. कड्यात खालचा लाव्हा आधीचा, वरचा नंतरचा. तिथे पितृपक्षात कुणी पावती शोधलेली नाही. म्हणून तर आपल्या मराठी मुलांना खडकांचे थर म्हणजे शहाण्यासारखे आडवे बसलेले, असंच वाटतं.

आता चला स्कॉटलंडच्या वायव्य टोकाला. ॲसिंट नावाचा मुलूख आहे. मोकळे, उघडेबोडके डोंगर, लांबट तळी, दलदल, सतत पाऊस, आणि उन्हाळ्यात मिज नावाची चिलटं, जी नाकाडोळ्यांत शिरून चावतात. तिथे नॉकन नावाचा एक कडा आहे. कड्याच्या पायथ्याकडे फिकट चुनखडक आणि त्याच्यावर अगदी टेकून बसलेला काळपट, चकचकीत पापुद्र्यांचा खडक. त्याला शिस्ट म्हणतात, आणि इथल्या शिस्टला मॉइन शिस्ट. दोघांच्या मधली रेघ इतकी स्पष्ट आहे की एक बोट चुनखडकावर आणि एक बोट शिस्टवर ठेवता येतं.

चुनखडक सुमारे 50 कोटी वर्षांचा. आणि वरचा शिस्ट? तो ज्या वाळूचिखलापासून बनला ती साचून शंभर कोटींच्या आसपास वर्षं झाली. म्हणजे जून वर आणि गणपती खाली!

पण हे आज आपल्याला माहीत आहे. 1850 च्या दशकात खडकाचं वय कोटींत मोजायचं यंत्र कुणाकडेच नव्हतं. वय कळायचं ते जीवाश्मांवरून, आणि शिस्टमध्ये जीवाश्म नव्हते. चुनखडकात मात्र होते. चार्ल्स पीच नावाचे कस्टम्स खात्यातले एक गृहस्थ होते, शिंपले-मासे-जीवाश्म गोळा करायचा त्यांना नाद. त्यांना 1854 मध्ये डर्नेस गावच्या चुनखडकात जीवाश्म सापडले. हे पीच नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जीवाश्म सापडल्यावर सर रॉडरिक मर्चिसन तिथे पोचले. फार मोठं प्रस्थ. ब्रिटनच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ते 1855 पासून प्रमुख होते. पृथ्वीच्या इतिहासातल्या एका काळाला सिल्युरियन हे नाव त्यांनीच दिलं होतं, आणि जिथे जातील तिथे त्यांना सिल्युरियन खडक दिसत. त्यांनी कडा पाहिला आणि निकाल दिला: खाली चुनखडक, तो सिल्युरियन, वर शिस्ट, म्हणजे तो त्याच्याही नंतरचा. विषय संपला.

मर्चिसनना हसू नका हं. तुम्ही-आम्ही त्या कड्यासमोर उभे राहिलो असतो तर हेच म्हणालो असतो. थर एकावर एक इतके नीट बसलेत की संशय यायचं कारण नाही.

एकाला मात्र तो आला. जेम्स निकल, ॲबरडीनचे प्राध्यापक. त्यांचं म्हणणं असं, की या दोन खडकांच्या मध्ये जमीन तुटलेली आहे, शिस्ट नंतर साचलेला नाही. जमिनीतल्या अशा तुटण्याला आणि तुटलेल्या बाजू सरकण्याला पुस्तकांत कुठे भ्रंश म्हणतात, कुठे विभंग. आपण भ्रंश म्हणू. निकलचं सगळंच बरोबर होतं असं नाही, पण मुद्दा पक्का होता. तरी मर्चिसनपुढे त्यांचं कोण ऐकणार? 1879 मध्ये निकल वारले तेव्हाही पुस्तकांत मर्चिसनचंच छापलेलं होतं.

एका कड्यासमोर उभं राहून भांडलं, तर दोघांनाही शेवटपर्यंत भांडता येतं. मधली रेघ 'साचल्याची' की 'सरकल्याची' हे रेघेच्या चार-पाच मीटरांवरून ठरत नाही. त्या रेघेचा माग काढत चालावं लागतं. डोंगर चढून, ओढा ओलांडून, दलदलीत ती हरवली तर पलीकडे पुन्हा शोधून. आणि चालताना प्रत्येक पायरीला ती नकाशावर काढावी लागते. यालाच भूवैज्ञानिक नकाशा करणं म्हणतात.

हे काम कसं चालतं? सामान अगदी थोडं: हातोडा, दहापट मोठं दाखवणारं भिंग, होकायंत्र, वही, रंगीत पेन्सिली, आणि पातळ केलेल्या ॲसिडची छोटी बाटली. (चुनखडकावर थेंब टाकला की तो सोड्यासारखा फसफसतो, दुसरे बरेच खडक ढिम्म राहतात.) जिथे खडक जमिनीतून डोकं वर काढतो तिथे जायचं, तुकडा फोडायचा, कारण उन्हापावसाने बाहेरून सगळेच खडक मळकट दिसतात. ओळखायचा, आणि नकाशावर त्या जागी ठरलेला रंग भरायचा. मग पुढचा खडक.

शिवाय थर कसा कललाय तेही लिहायचं. कोकणातलं कौलारू घर आठवा. छपराचं आढं एका दिशेने जातं आणि पावसाचं पाणी पाख्यावरून त्याच्या काटकोनात खाली येतं. कललेल्या थराचंही तसंच. आढ्याची दिशा मोजायची, पाणी कुठल्या बाजूला ओघळेल ती दिशा मोजायची, आणि पाखं किती अंश उतरतंय ते मोजायचं. भूवैज्ञानिक आढ्याला नतिलंब म्हणतात आणि उताराला नती. हे तीन आकडे शेकडो जागी लिहिले, की नकाशा नुसता सपाट कागद राहत नाही. जमिनीखाली तो थर कुठे जातोय तेही त्यावरून काढता येतं.

ॲसिंटच्या उत्तरेला एरिबॉल नावाची समुद्राची खाडी आहे. तिथे 1882 मध्ये चार्ल्स लॅपवर्थ आले. हे आधी शाळामास्तर होते. फावल्या वेळात, जीवाश्म वेचत वेचत, त्यांनी दक्षिण स्कॉटलंडच्या खडकांचा गुंता सोडवला होता. एरिबॉलला त्यांनी मोठ्या प्रमाणाचा नकाशा घेऊन इंच इंच चालायला सुरुवात केली, आणि त्यांना दिसलं की थर नुसते एकावर एक नाहीत, तेच तेच पुन्हा पुन्हा येताहेत. काहीतरी प्रचंड वजनाचं वरून घासत गेलं आहे. या कामाचा त्यांनी इतका ध्यास घेतला की 1883 मध्ये ते आजारी पडले. असं सांगतात, की त्यांना स्वप्नात मॉइन शिस्टची ती अजस्र लादी आपल्या अंगावरून करकरत सरकताना दिसायची. गृहपाठाची स्वप्नं तुम्हालाही पडत असतील, पण एवढी वजनदार नक्कीच नाहीत.

दोन खडकांच्या मधल्या पट्ट्यात लॅपवर्थना एक विचित्र खडक मिळाला. बारीक, पट्टे-पट्टे असलेला, जणू दळून काढलेला. 1885 मध्ये त्यांनी त्याला मायलोनाइट नाव दिलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ गिरणी, म्हणजे आपलं जातं म्हणा ना. दोन दगडांमध्ये भरडून निघालेलं पीठ! गंमत अशी की पुढे सूक्ष्मदर्शकाखाली कळलं, की हा खडक बहुतांशी भरडला गेलेलाच नाही. खोलवरच्या उष्णतेत त्यातले कण कणकेसारखे ताणले जात, पुन्हा नव्याने घडत गेले. तेव्हा जात्यापेक्षा परात म्हणणं जास्त बरोबर ठरलं असतं. नाव मात्र तेच राहिलं.

दरम्यान सर्वेक्षणाचे नवे प्रमुख आर्चिबाल्ड गीकी यांनी आपली माणसं तिकडे पाठवली. गीकी स्वतः मर्चिसनच्या बाजूचे, तरुणपणी त्यांच्याबरोबर हिंडलेले. मर्चिसनचंच बरोबर निघेल अशी त्यांची खात्री. पाठवलेल्या माणसांची नावं होती पीच आणि हॉर्न. एक फळ आणि एक भोंगा! बेन पीच म्हणजे डर्नेसला जीवाश्म शोधणाऱ्या चार्ल्स पीच यांचा मुलगा. हात चित्रकाराचा, नजर चपळ. जॉन हॉर्न शिस्तीचे, लिहिण्यात काटेकोर. पीचच्या वडिलांना सापडलेल्या जीवाश्मांवर मर्चिसननी आपला निकाल उभा केला होता, आणि आता मुलगा तिथेच हातोडा घेऊन चालला होता.

त्यांचा नकाशा होता मैलाला सहा इंच. म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर जवळजवळ साडेनऊ सेंटिमीटर. आपल्याकडे सर्वे ऑफ इंडियाचे जे नेहमीचे नकाशे मिळतात, त्यांत एक किलोमीटर फक्त दोन सेंटिमीटरचा असतो. यावरून कल्पना करा, त्यांना किती बारीक रेघा काढायला जागा होती आणि त्यासाठी किती पायपीट करावी लागली.

पीच-हॉर्नना मिळालेल्या खुणांपैकी माझी सगळ्यात आवडती सांगते. तिथे एक पांढरा, कठीण, वाळूपासून बनलेला खडक आहे. त्यात उभ्या नळ्या दिसतात, बोटाएवढ्या, शेकड्यांनी, अगदी शेजारी-शेजारी. पन्नास कोटी वर्षांपूर्वीच्या किनाऱ्यावर वाळूत सरळ खाली बिळं करून राहणाऱ्या किड्यांची ती घरं. किडे गेले, बिळं वाळूने भरली, सगळ्याचा दगड झाला. इंग्रजीत त्याचं नावच पाइप रॉक. आता विचार करा: किड्याने बीळ सरळ उभं खणलं होतं आणि वरून पाहिलं तर ते गोल होतं. पण भ्रंशाजवळच्या खडकात ही बिळं तिरकी पडलेली दिसतात आणि गोलाचा लांबट अंडाकार झालेला असतो. एवढुशा किड्याने न कळत फूटपट्टी ठेवून दिली! नळ्या कुठल्या बाजूला किती कलल्या, गोल कुठल्या दिशेला किती ताणला गेला, यावरून खडक कुठून कुठे ढकलला गेला ते मोजता येतं. तो ढकलला गेला होता पूर्व-आग्नेयेकडून पश्चिम-वायव्येकडे.

मग दिसली कौलं. एकाच प्रकारचे तीन-चार थर, मग पुन्हा तेच, पुन्हा तेच, एकमेकांवर रेलून बसलेले. मर्चिसनच्या हिशोबाने ही फार जाड थप्पी झाली असती. नकाशावर रंग भरल्यावर कळलं, की थप्पी जाड नाही, एकच पातळ थप्पी तुकडे होऊन स्वतःवरच चढली आहे. अशा रचनेसाठी भूविज्ञानात जो इंग्रजी शब्द वापरतात त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं 'कौल'च आहे. ग्लेनकूल नावाच्या खाडीपलीकडच्या डोंगरात तर तीनशे कोटी वर्षांच्या आसपासचा, नाइस नावाचा खडक पन्नास कोटींच्या पांढऱ्या खडकावर आरामात बसलेला आहे. खाडीच्या या काठावरून नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

आता किती लांबून सरकलं? तेही नकाशानेच सांगितलं. भ्रंशाची मुख्य रेघ एरिबॉलपाशी. पण तिथून दहा मैल पश्चिमेला, डर्नेसजवळच्या समुद्रात शिरलेल्या भूशिरावर, त्याच वरच्या लादीचा एक सुटा तुकडा उरलेला आहे. मधला सगळा भाग ऊनपावसाने झिजून गेला. चादर मधे फाटून गेली आणि पलंगाच्या पलीकडच्या कोपऱ्यात तिचा तुकडा अडकून राहिला, तर चादर किमान तिथवर होती हे सिद्ध होतंच ना? म्हणजे लादी कमीत कमी दहा मैल, सोळा किलोमीटर, सरकली होती. पुढच्या अभ्यासांत हा आकडा आणखी बराच वाढला.

1884 मध्ये गीकी स्वतः आले. पीच-हॉर्नबरोबर ते चालले, रेघ पाहिली, नकाशा पाहिला. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'नेचर' या साप्ताहिकात त्यांनी सरळ छापून टाकलं, की मर्चिसनचं आणि आपलं चुकलं होतं. कललेल्या पृष्ठावरून खडक वर ढकलला जाण्याला थ्रस्ट हा शब्द तेव्हापासून चालू झाला. साहेबाने हाताखालच्या माणसांचं ऐकून चारचौघांत मत बदललं, हे मला त्या सगळ्या कड्यांपेक्षा दुर्मिळ वाटतं. बिचारे निकल मात्र पाच वर्षांपूर्वीच गेले होते.

पीच-हॉर्नच्या तुकडीत हेन्री कॅडेल नावाचा तरुण होता. डोंगरात जे दिसलं ते घरी करून बघता येईल का, असं त्याच्या मनात आलं. 1880 च्या दशकाच्या शेवटी त्याने एक पेटी केली, वाळू, माती आणि प्लास्टरचे थर भरले, आणि पेटीची एक बाजू स्क्रूने हळूहळू आत ढकलली.

हा प्रयोग तुम्हाला कॅडेलपेक्षा सोपा आहे, कारण आपल्याकडे रांगोळी असते! एक लांबट पारदर्शक डबा घ्या. त्यात पांढरी, लाल, पांढरी, निळी अशी रांगोळी पसरा, प्रत्येक थर अर्धा सेंटिमीटर, अगदी सपाट. डब्याच्या रुंदीचा एक जाड पुठ्ठा एका टोकाला उभा धरा आणि हळू, अगदी हळू, आत ढकला. आधी पुठ्ठ्यापाशी फुगवटा येईल. मग त्यात एक तिरकी चीर पडून मागचे थर पुढच्यांवर चढतील: लाल निळ्याच्या वर! ढकलत राहा. आता थोडं पुढे दुसरी चीर पडते आणि पहिला चढलेला तुकडा तिच्या पाठीवर बसून पुढे जातो. मग तिसरी. डब्याच्या भिंतीला रांगोळी चिकटून नीट दिसलं नाही तर वरून पाणी शिंपडा आणि मधोमध सुरीने कापून बघा.

मी मुद्दाम हा प्रयोग इथे सांगितला, कारण पुढचा प्रश्न कठीण आहे: एवढे सगळे भ्रंश, त्यातला पहिला कुठला आणि शेवटचा कुठला? पीच आणि हॉर्न यांचं मत असं होतं की खालचे आधी झाले आणि सगळ्यात वरचा, मॉइनचा, नंतर येऊन त्यांच्यावरून गेला. त्यांनी 1907 मध्ये छापलेल्या जाडजूड ग्रंथात तसंच आहे. पुढे 1980 मध्ये एलियट आणि जॉन्सन या दोघांनी मांडलं, की नाही, वरचा आधीचा. खालचे नंतर त्याच्यापुढे फुटले आणि वरच्याला पाठुंगळी घेऊन निघाले. रांगोळीत होतं तसं. पण काही जागी वरचा भ्रंश खालच्यांना स्पष्ट कापताना दिसतो, म्हणजे जुना भ्रंश पुन्हा एकदा जागा होऊन सरकला असणार. वाद अजून चालतो. भांडणारे भांडतात ते मात्र अजूनही पीच-हॉर्नचा नकाशा समोर पसरून!

क्रम ठरवायचा नियम भाचीने रद्दीत वापरला तोच: कोण कुणाला कापतंय आणि कोण कुणावर शांत बसलंय. जो कापतो तो नंतरचा. ॲसिंटच्या दक्षिणेला बोरालान तळ्याजवळ जमिनीत घुसून थिजलेला शिलारस आहे. त्यातल्या झिरकॉन नावाच्या खनिजाच्या कणांत युरेनियमचं हळूहळू शिसं होत असतं, ते मोजलं की वय कळतं: सुमारे 43 कोटी वर्षं. आणि यातले काही खडक सरकण्यात सापडले आहेत. म्हणजे हा शिलारस थिजला तेव्हा सरकणं संपलेलं नव्हतं. तेव्हा दोन भूखंडांमधला समुद्र मिटून त्यांची टक्कर चालू होती, आणि तिथे उंच पर्वत उभे राहत होते. आज त्या पर्वतांची फक्त मुळं उरली आहेत.

टक्कर अजून संपलेली नाही असा पर्वत बघायचा असेल तर इतक्या लांब जायला नको. आपला हिमालय आहे. भारत अजून उत्तरेकडे सरकतोय आणि त्यातलं वर्षाला साधारण दोन सेंटिमीटर सरकणं हिमालय स्वतःत मुरवतो. तुमची नखं याहून वेगाने वाढतात. पण नखं कापता येतात, हे साठत जातं.

उत्तराखंडात चारधामला गेलात तर खिडकीची जागा पकडा. डेहराडूनच्या अलीकडे शिवालिकच्या टेकड्या लागतात, नदीच्या वाळूगोट्यांच्या. त्यांच्या दक्षिण पायथ्याशी सगळ्यात नवा, आजही जिवंत असलेला मोठा भ्रंश आहे. डेहराडून ओलांडून मसुरीकडे चढू लागलात की दुसरा, कोटीभर वर्षांपूर्वीपासूनचा. आणि खूप आत, जोशीमठाच्या अलीकडे हेलंग गावापाशी तिसरा, सगळ्यात जुना, दोन-अडीच कोटी वर्षांपूर्वी जोरात सरकणारा. मागचा जुना, पुढचा नवा. रांगोळीच्या डब्यात आपण पुठ्ठा उत्तरेकडून ढकलला म्हणायचा!

तो तिसरा भ्रंश नकाशावर आणायला माणसांनी काय काय केलं! 1936 मध्ये आर्नोल्ड हाइम आणि ऑगुस्टो गान्सर हे दोन स्विस भूवैज्ञानिक कुमाऊँ-गढवालात हिंडले. गान्सर तर यात्रेकरूचा वेश करून तिबेटात कैलासापर्यंत पोचले. आपले खड्गसिंह वल्दिया मूळचे पिथोरागडचे. त्यांना ऐकू फार कमी येत असे, पण कुमाऊँचे डोंगर त्यांनी वर्षानुवर्षं पायी पालथे घातले, आणि 1980 मध्ये त्यांचा मोठा ग्रंथ आला. त्यांनी म्हटलं, मुख्य भ्रंश हेलंगला नाही, तो आणखी वरच्या पट्टीत आहे. नकाशावरची एक रेघ काही किलोमीटर इकडे की तिकडे, यावर आजही परिषदांमधून तावातावाने बोलणं होतं.

आणि पायथ्याच्या जिवंत भ्रंशाचं काय? तिथे भूवैज्ञानिक चक्क खंदक खणतात. 1934 मध्ये बिहार-नेपाळला मोठा भूकंप झाला होता. नेपाळमध्ये हिमालयाच्या पायथ्याशी एका ओढ्याच्या काठी खणलं तेव्हा नदीने साचवलेल्या वाळूगोट्यांचे थर दिसले आणि त्यांना चिरत गेलेला भ्रंश. काही थर कापलेले, त्यांच्या वरचे न कापलेले. थरांमधल्या कोळशाचं वय काढलं. कापलेल्यांत सगळ्यात नवा कुठला आणि न कापलेल्यांत सगळ्यात जुना कुठला, या दोघांच्या मध्ये भूकंप! एक भ्रंश 1934 शी जुळला. त्याआधीचा जुळला 1255 च्या भूकंपाशी, ज्यात नेपाळचा राजा अभय मल्ल याचा जीव गेला. म्हणजे गणपतीनंतर आणि दसऱ्याआधी.

एवढं सगळं सांगेपर्यंत जिन्याखालची रद्दी निघाली होती. रद्दीवाल्याने अख्खा गठ्ठा दोरीने बांधला, उचलला आणि आपटून उलटा ठेवला काट्यावर. दिवाळी तळाला, जून माथ्यावर.

डोंगरात असंही होतं. थरांची घडी पडते, घडी आडवी होते आणि अख्खी थप्पी पालथी पडते. मी तिला विचारलं, आता समज, तुला तारखा वाचताच येत नाहीत. गठ्ठा सुलटा की उलटा, कसं ओळखशील?

तिने वाकून बघितलं आणि म्हणाली, "सोप्पंय. सगळी पहिली पानं खाली तोंड करून पडलीत."